युद्धकालीन जीप दुरुस्तीला देताना: मूळ भागांच्या अदलाबदलीचा आमचा अनुभव

जुन्या लष्करी जीपच्या पुनर्बांधणीत होणारी एक फसवणूक अशी आहे की ती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. गाडी ठरल्याप्रमाणे परत मिळते, रंग चकाकत असतो, इंजिन सुरू होते आणि घरातील सर्व मंडळी तिच्याभोवती उभी राहून फोटो काढतात. दरम्यान तिचे इंजिन, मागचा अ‍ॅक्सल, डॅशबोर्डवरील पट्ट्या आणि दिवे यांच्या जागी दुसऱ्याच गाडीचे भाग बसवलेले असतात आणि मूळ भाग परस्पर विकले गेलेले असतात. आमच्या घरच्या जीपच्या बाबतीत नेमके हेच घडले. विदर्भातील अनेक जुन्या वाड्यांत आणि कोठ्यांत अशा जीप आजही उभ्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची जीप १९४४ साली अमेरिकेत बनलेली फोर्ड जीपीडब्ल्यू आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने एकाच आराखड्याच्या सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीसाठी त्यांपैकी पुष्कळ आपल्याकडे उतरल्या आणि युद्ध संपल्यावर उरलेली लष्करी सामग्री विक्रीस निघाली. आमच्या आबाजींनी ही गाडी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. आर्वी तालुक्यातील आमचे गाव काळ्या जमिनीचे आहे. पावसाळ्यात वावरापर्यंत बैलगाडीही नीट जात नसे, तेथे चारही चाकांना जोर देणारी ही गाडी बियाणे व खताची पोती पोहोचवत असे आणि हंगामात कापूस घेऊन पुलगावच्या जिनिंगपर्यंत जात असे. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले, डिझेलच्या गाड्या आल्या आणि ती कोठ्यात उभी राहिली. सालदारांची मुले तिच्यात बसून खेळत, परंतु तिचा एकही नट आम्ही कोणाला काढू दिला नव्हता.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम लागू केले. या नोंदणीत वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, ती दहा वर्षे चालते आणि वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नेता येत नाही. या नियमांतील सर्वांत महत्त्वाची अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आबाजींची जीप या नोंदणीत यावी अशी माझ्या थोरल्या बंधूंची फार इच्छा होती आणि त्यासाठीच ती दुरुस्तीला देण्याचे घरात ठरले.

ज्यांनी काम घेतले त्या गृहस्थांचे वा त्यांच्या गॅरेजचे नाव प्रकरण चालू असल्यामुळे येथे देत नाही. ते स्वतः गावी आले, कोठ्यातच तासभर गाडीखाली पडून राहिले आणि प्रत्येक भागाचे नाव अचूक सांगत होते. आज विचार करता त्यांचे ते ज्ञान हाच या व्यवहाराचा गाभा होता, कारण कोणत्या बोल्टला किंमत आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. फोर्डने आपल्या जीपच्या बहुतेक भागांवर, अगदी लहानसहान बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उठवलेले असे. त्या गृहस्थांनी हे अक्षर आम्हाला कौतुकाने दाखवले आणि ‘इतकी अस्पर्श गाडी मध्य भारतात पाहिली नाही’ असे सांगितले. चार लाख ऐंशी हजार रुपयांत काम ठरले. त्यांनी दिलेल्या कोटेशनवर ‘संपूर्ण जीर्णोद्धार, लागतील ते भाग मूळ बनावटीचे’ एवढी एकच ओळ होती. कोणता भाग दुरुस्त करायचा, कोणता बदलायचा आणि काढलेला भाग कोणाच्या ताब्यात राहील, याचा त्यात उल्लेख नव्हता. असा मोघम कागद या धंद्यात सर्रास दिला जातो आणि त्या मोघमपणातच पुढच्या सगळ्या गोष्टींना जागा असते.

काम सुरू झाल्यावर फोनवर फोटो येऊ लागले. ते सगळे पत्र्याचे आणि रंगाचे असत. इंजिन उघडल्याचे, अ‍ॅक्सल साफ केल्याचे फोटो मागितले की ‘ते लेथवर गेले आहे’ किंवा ‘बोअरिंगला दिले आहे’ असे उत्तर येई. भेटीला गेल्यावर गाडीची बॉडी एका शेडमध्ये, चेसिस दुसऱ्या शेडमध्ये आणि इंजिन ‘शहरात’ असे. पुनर्बांधणीत गाडी संपूर्ण खोलली जाते हे खरेच आहे, त्यामुळे या उत्तरांत वावगे काही वाटण्याचे कारण नव्हते. मधल्या काळात अमेरिकेहून पिस्टन मागवले, गॅस्केट संच मागवला, असे सांगून ठरलेल्या रकमेचे हप्ते वेळेआधी घेण्यात आले. एकाही आयात भागाचे बिल मिळाले नाही.

गाडी घरी आली तेव्हा पोळ्याचे दिवस होते आणि गावभरातून माणसे पाहायला आली. त्यांतच शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार होते, ज्यांची सगळी नोकरी सैन्याच्या ईएमई शाखेत, म्हणजे वाहने व यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या विभागात गेली. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. ते मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘भाऊ, हा अ‍ॅक्सल लढाईच्या गाडीचा नाही.’ युद्धकालीन जीपच्या मागच्या चाकाच्या मधोमध सहा बोल्टने बसवलेली चकती असते. ते बोल्ट काढले की चाक न काढता अ‍ॅक्सलचा दांडा बाहेर ओढता येतो. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये पुढे अ‍ॅक्सलची रचना बदलली आणि चाकाच्या मध्यभागी कॉटर पिन घातलेला एकच मोठा नट आला. आमच्या गाडीला तो एकच नट होता.

त्यानंतर सुभेदार साहेबांनी एकेक गोष्ट दाखवली. मूळ जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर असतात. एक फुलपाखरी नट सैल केला की दिवा मागे उलटतो आणि रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. आमचे दिवे पक्के जोडलेले निघाले. मूळ विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची असते, येथे बारा व्होल्टची बॅटरी होती. ‘एफ’ असलेले बोल्ट जवळजवळ सगळे गेले होते आणि त्यांच्या जागी बाजारातले नवे चकचकीत बोल्ट होते.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरील पट्टीने तर शंकेला जागाच ठेवली नाही. या पट्ट्यांवर गाडीचे नाव, वजन आणि सैन्याला सुपूर्द केल्याची तारीख असते. आमच्या मूळ पट्टीवर ५-२३-४४ असे होते, म्हणजे अमेरिकन पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस, २३ मे १९४४. परत आलेल्या गाडीवरची पट्टी अधिक सुबक होती आणि तिच्यावर २३-५-४४ असे कोरलेले होते. तेवीस हा महिना असू शकत नाही असे समजून नक्कल करणाऱ्याने ती तारीख आपल्याकडच्या रीतीने लिहिली असणार. अशा नकली पट्ट्या कोऱ्या मिळतात आणि त्यांवर हवा तो क्रमांक व हवी ती तारीख ठोकून दिली जाते. त्यामुळे केवळ पट्टीवरून गाडीची ओळख पटवणे निरर्थक आहे.

इंजिनाची बाब अधिक गंभीर आहे. युद्धकालीन जीपचे चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेले) इंजिन विलिसने युद्धानंतरच्या सुरुवातीच्या नागरी जीपमध्येही चालू ठेवले. बाहेरून ही इंजिने इतकी सारखी दिसतात की एकाच्या जागी दुसरे सहज खपते. पुढच्या सीजे-३बी जीपमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि त्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले, म्हणून तो फरक कोणालाही कळतो. आमच्या गाडीत पहिल्या प्रकारचे नागरी इंजिन बसवले होते आणि त्याच्यावर आमच्या आरसी बुकातला क्रमांक नव्याने ठोकला होता. भिंग लावून पाहिल्यावर अंकांची खोली कमी-जास्त दिसली आणि क्रमांकाभोवतीचा भाग ग्राइंडरने घासल्याच्या समांतर रेघा दिसल्या. दुसऱ्या मिस्त्रींकडून पुढचे टायमिंग कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या यंत्रणेवरचे झाकण, उघडले, तेव्हा आत गिअर होते. जीपीडब्ल्यूच्या इंजिनात तेथे चेन असते. कव्हर उघडताना आम्ही दोन साक्षीदारांसमोर संपूर्ण चित्रीकरण केले, आणि ज्यांना असा संशय असेल त्यांनी साक्षीदारांशिवाय गाडीचा एकही भाग उघडू नये, कारण नंतर ‘अदलाबदल तुम्हीच केली’ असे म्हटले जाते. आम्हालाही तसेच म्हटले गेले.

जाब विचारल्यावर ते गृहस्थ संतापले नाहीत, उलट अतिशय नम्रपणे त्यांनी भरपाई म्हणून दुसरी जीप देऊ केली. ‘१९४३ ची विलिस, कागद पक्के’ असे सांगून त्यांनी आरसी बुकाची छायाप्रत पाठवली. त्या प्रतीवर नागपूर येथील १९५२ ची नोंदणी होती आणि वरच्या मथळ्यात ‘महाराष्ट्र राज्य’ छापलेले होते. १९५२ साली नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. आपल्या भागातील कोणत्याही जुन्या वाहनाच्या कागदावर ही साखळी तपासून पाहावी. नंतरच्या काळात नूतनीकरण होऊन नवे पुस्तक मिळालेले असू शकते, परंतु तसे असल्यास त्यावर ती नोंद व नंतरची तारीख असते. गाडी पाहायला गेलो तेव्हा आणखी खुलासा झाला. तिच्या मागच्या बाजूला उघडणारे फळके वेल्डिंग करून बंद केलेले होते आणि वर पुट्टी भरून रंग दिला होता. युद्धकालीन जीपला मागे उघडणारे फळके नसतेच. खिशातले लोहचुंबक त्या जागी चिकटेना, शेजारच्या पत्र्याला मात्र चिकटत होते. पुढच्या लोखंडी जाळीत सात फटी होत्या. लष्करी जीपच्या दाबीव पत्र्याच्या जाळीत त्या नऊ असतात. चेसिसचा पुढचा आडवा दांडा चौकोनी होता, जो फोर्डच्या गाडीला शोभतो. विलिसच्या चेसिसला तेथे गोल नळी असते. म्हणजे ही भरपाईची जीपही तीन-चार गाड्यांचे तुकडे जोडून उभी केलेली होती. एका घरातून काढलेले मूळ भाग कोठे जातात आणि दुसऱ्या घरी काय पोहोचते, हे त्या शेडमध्ये उभे राहून मला समजले. आबाजींनी तीस वर्षे जपलेल्या वस्तूची ही अशी वाटणी होताना पाहून जो संताप आला तो अजून ओसरलेला नाही.

तक्रार द्यायला गेलो असता ‘हा आपसातील दिवाणी व्यवहार आहे’ असे प्रथम सांगण्यात आले. अशा वेळी परत फिरू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आणि कलम ३१६ खाली विश्वासघात हे गुन्हे आहेत. ठाण्यात तक्रार नोंदवली न गेल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. आम्ही तसे केले. इंजिनाचा क्रमांक घासून नवा ठोकला असल्याने तपासात मूळ क्रमांक उठवण्याची मागणीही अर्जात स्पष्टपणे लिहिली. घासलेल्या धातूवर रसायन लावून आधीचे अंक दिसू शकतात आणि न्यायसहायक प्रयोगशाळांत हे काम होते. त्याच्या जोडीला जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली. तेथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. पैसे बँकेतून दिलेले असल्याने ती बाजू भक्कम आहे.

मूळ भाग आमच्या गाडीवर होते याचा सर्वांत मोठा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला. पुतण्याने गाडी ट्रकवर चढवताना मोबाइलवर चित्रफीत घेतली होती. तिच्यात मागच्या चाकावरची सहा बोल्टची चकती, उलटणारा दिवा आणि ग्लोव्ह बॉक्सवरची पट्टी, तिन्ही स्पष्ट दिसतात. ज्यांची गाडी अजून कोठ्यात आहे त्यांनी ती हलवण्यापूर्वी असे चित्रीकरण सावकाशपणे, दिवसाउजेडी आणि प्रत्येक क्रमांक स्वच्छ पुसून करावे, आणि त्या यादीवर गॅरेजवाल्यांची सही घेतल्याशिवाय गाडी ट्रकवर चढवू नये. इंजिनाच्या क्रमांकावर कागद ठेवून त्या कागदावर पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा, कारण फोटोत न दिसणारी अंकांची ठेवण ठशात उतरते. काढलेला प्रत्येक भाग, तो कितीही गंजलेला असला तरी, मालकाला परत मिळेल ही अट करारात स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. सही करायला किंवा ही अट मान्य करायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर गाडी देऊ नये.

ग्लोव्ह बॉक्सवर ५-२३-४४ ही तारीख असलेली फोर्डची पट्टी, किंवा क्रमांकाची जागा नुकतीच घासलेले जीपीडब्ल्यूचे इंजिन कोणाकडे विक्रीला आले असेल, तर ते विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे मूळ गाडीचे आरसी बुक मागावे आणि ते न मिळाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. आमच्या तक्रारीत या दोन्ही वस्तूंचे वर्णन नोंदवलेले आहे.