स्ट्रायकर ४: उन्हाळ्याच्या अखेरीस बॅस शोधणाऱ्यांसाठी

उन्हाळ्याच्या अखेरीस होडी घेऊन तलावावर बॅस या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे निघालेल्या माणसाला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो कोणते पाणी सोडून द्यायचे याचा. वसंतात विणीसाठी काठाला आलेला हा मासा या दिवसांत पहाटेचा आणि संध्याकाळचा थोडा वेळ वगळता उथळ पाण्यात फारसा सापडत नाही, आणि उरलेला तलाव एवढा मोठा असतो की अंदाजाने गळ टाकत राहिल्यास अख्खा दिवस वाया जातो. गार्मिन कंपनीचा स्ट्रायकर ४ हा साडेतीन इंची रंगीत पडद्याचा फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते दाखवणारे यंत्र, मी लहान होडीवर, मुख्यतः लार्जमाउथ जातीच्या बॅससाठी, याच ऋतूत सर्वांत जास्त वापरतो. मासा कुठे आहे हे तो दाखवतोच. परंतु मासा कुठे असू शकत नाही हे तो जितक्या स्पष्टपणे दाखवतो, त्यातच त्याचे खरे मोल आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे समजण्यासाठी त्या दिवसांतल्या पाण्याकडे पाहिले पाहिजे. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते आणि त्यापुढे ते जसजसे तापते तसतसे हलके होते. त्यामुळे उन्हाने तापलेले पाणी वरच राहते, वारा त्याला वरच्या वर घुसळतो, आणि खालचे थंड पाणी त्यात मिसळत नाही. या दोहोंच्या मध्ये, थोड्याच अंतरात तापमान झपाट्याने उतरते तो थर म्हणजे थर्मोक्लाइन. त्याच्या खालच्या पाण्याला हवा लागत नाही, पुरेसा उजेडही तिथवर पोचत नाही, आणि वरून पडलेला पाला व मेलेले शेवाळ कुजताना तिथे असलेला प्राणवायू संपत जातो. खतावलेल्या, हिरवट पाण्याच्या तलावांत उन्हाळा सरेपर्यंत तिथे बॅसला तग धरण्यापुरताही प्राणवायू उरत नाही. वरच्या पाण्याचीही अडचण असतेच: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. म्हणून भर दुपारी पुष्कळ मासे या थराच्या थोडे वर, बुडालेल्या उंचवट्याच्या कडेला किंवा पाण्याखालच्या जुन्या झाडोऱ्याच्या आडोशाला थांबतात.

यंत्र नुसते चालू करून सोडून दिले तर हा थर बहुधा दिसत नाही, कारण गेन (परतलेला ध्वनी किती वाढवून दाखवायचा ते प्रमाण) स्वयंचलित ठेवला तर त्याचा क्षीण प्रतिध्वनी पडद्यावर उमटण्याइतका ठळक नसतो. मी होडी खोल पाण्यावर नेऊन मोटर बंद करतो आणि गेन हाताने पायरीपायरीने वाढवत जातो. आधी वरच्या पाण्यात बारीक ठिपके उमटतात, आणखी दोन-तीन पायऱ्या चढल्या की पडद्याच्या मध्यावर एक धुरकट आडवा पट्टा हळूहळू गडद होऊ लागतो. होडी वाऱ्याने सरकत असताना तळाची रेषा वर-खाली होते, हा पट्टा मात्र आपली पातळी सोडत नाही, आणि त्यावरूनच तो ओळखायचा. बदलत्या घनतेमुळे आणि त्या सीमेवर साचलेल्या सूक्ष्म जीवांमुळे ध्वनी तिथून परततो. पट्टा ६ मीटरांवर असेल, तर १२ मीटरांच्या तळाशी आमिष सोडून वाट पाहण्यात अर्थ उरत नाही, आणि ज्या उंचवट्याचा माथा ५ मीटरांवर आहे तो त्या दिवसापुरता तलावातला सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो. तलाव अगदी उथळ असेल किंवा पाणी सतत वाहते असेल तर पट्टा सहसा तयारच होत नाही, आणि पडद्यावर त्याचे नसणे ही माहितीही तितकीच उपयोगाची असते.

या यंत्राचा सोनार, म्हणजे ध्वनीने शोध घेणारा भाग, चर्प पद्धतीचा आहे, म्हणजे तो एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा एक पट्टा वापरतो, आणि त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे किंवा तळाला लगटून असलेला मासा वेगळा काढता येतो. सोबत मिळणारा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात राहून ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग, ७७ आणि २०० किलोहर्ट्झ या दोन वारंवारतांभोवती काम करतो. २०० वर खाली पसरत जाणाऱ्या ध्वनीच्या शंकूचा कोन १५ अंश असतो, म्हणजे ६ मीटर खोलीवर जेमतेम दीड मीटर रुंदीचे पाणी नजरेत येते. ७७ वर कोन ४५ अंशांचा होतो आणि तेवढ्याच खोलीवर सुमारे ५ मीटर रुंदी दिसते. उंचवटे शोधत फिरताना मी ७७ ठेवतो आणि जागा सापडली की २०० वर येतो. माशांची चित्रे दाखवण्याची सोय मात्र नवख्यांनीही बंदच ठेवावी. चालत्या होडीखालून मासा जातो तेव्हा त्याचे अंतर आधी घटते व मग वाढते, आणि त्याची कमान उमटते. होडी आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर तीच खूण लांबच लांब आडवी रेघ होते. लहान माशांचा थवा ढगासारखा दिसतो. हा फरक वाचता येऊ लागला की चित्रांची गरज उरत नाही. शिवाय पडद्याच्या उजव्या कडेला जे आहे तेवढेच आत्ताचे आहे, डावीकडचे सारे होऊन गेलेले आहे, हे सुरुवातीला स्वतःला वारंवार बजावावे लागते.

मला सर्वांत समाधान देणारा भाग म्हणजे सरळ खाली दोर सोडून केलेली मासेमारी. ड्रॉप शॉट पद्धतीत शिसे दोराच्या टोकाला असते आणि गळ त्याच्या हातभर वर, त्यामुळे आमिष तळापासून ठरावीक उंचीवर राहते. दोर ट्रान्सड्यूसरच्या अगदी शेजारून सोडला तर पडद्यावर शिशाची तिरपी रेघ खाली उतरताना दिसते, ती थांबते, आणि काही वेळा तळाजवळची एखादी आडवी रेघ वर वळून तिच्याकडे येते. मनगटाला झटका बसण्याच्या क्षणभर आधी हे डोळ्यांना दिसते, आणि आमिष हलवावे की स्थिर ठेवावे याचे शिक्षण इतक्या थेट रीतीने दुसरे कशानेही मिळत नाही. मात्र ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीवर आणि माणूस पुढच्या टोकाला असेल तर हे जमणार नाही, कारण तो अरुंद शंकू आमिषापर्यंत पोचत नाही. तो बसवताना होडीच्या तळाच्या किंचित खाली आणि पंख्याच्या फेसापासून दूर असावा, अन्यथा वेग घेताच पडदा बुडबुड्यांनी भरून जातो.

यात तलावाचा तयार नकाशा नाही. जीपीएस आहे आणि सापडलेल्या जागांच्या खुणा साठवता येतात; एकदा खूण केलेल्या उंचवट्यावर वाऱ्याच्या बाजूने परत येणे एवढ्यावर सहज जमते. वीज तो अगदी कमी घेतो, १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दिवसभराला पुरून उरते.

खोलीचा आकडा माशाच्या जिवाच्या दृष्टीनेही पाहिला पाहिजे. बॅसची वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी बंद असते, त्यामुळे तिच्यातली हवा त्याला झटकन बाहेर टाकता येत नाही. १० मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून भराभर वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. त्यामुळे मासा परत सोडायचा असेल तर खोल, स्वच्छ तलावात पट्टा कितीही खाली असला तरी ९-१० मीटरांपलीकडच्या कमानींवर गळ टाकू नये, असे मला मनापासून वाटते. याच ट्रान्सड्यूसरमधून पृष्ठभागाजवळचे तापमानही कळते, आणि ते २८ अंशांच्या वर गेले असेल तर मासा ओल्या हातांनी, पोटाला आधार देऊन, गळ काढण्यापुरताच पाण्याबाहेर ठेवावा. फोटोसाठी त्याला जबड्याने लटकवत ठेवण्याची सवय या ऋतूत तरी सोडलीच पाहिजे.

ज्यांची मासेमारी पाणवनस्पतींच्या कडेने, दोन मीटरांच्या आतल्या पाण्यात चालते, त्यांना या यंत्राचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे शंकू फारच अरुंद असतो आणि बाजूचे पाणी यात दिसत नाही. पडद्याचे दोन भाग करून दोन्ही वारंवारता एकदम पाहण्याची सवय असलेल्यांनी मोठा पडदा घ्यावा. पण लहान होडी किंवा कयाक घेऊन ऑगस्ट-सप्टेंबरात खोल तलावावर जाणाऱ्याने याच्याआधी नव्या आमिषांवर खर्च करू नये.