बरे झालेल्या मुलाचे जीवनमान : उत्तर मुलाचे की पालकांचे?

बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचे जीवनमान मोजण्यासाठी अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या 'पेड्सक्यूएल' प्रश्नावलीत शारीरिक, भावनिक, सामाजिक आणि शालेय अशा चार अंगांचे साधारणतः 23 प्रश्न असतात. तिचे दोन नमुने आहेत: एकात 5 ते 18 वर्षांचे मूल स्वतः उत्तरे देते, तर दुसऱ्यात 2 ते 18 वर्षांच्या मुलाचे पालक.

पालकांचा नमुना सोयीचा आहे. चालताना येणारा थकवा, शाळेतील गैरहजेरी अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी ते बऱ्यापैकी अचूक सांगतात.

भीती, एकटेपणा किंवा सवंगड्यांचे चिडवणे यांबाबत मात्र दोघांच्या उत्तरांत अनेकदा अंतर पडते, कारण उपचारांची ती वर्षे आईवडिलांच्या मनातून सरलेली नसतात आणि मूलही त्यांना त्रास नको म्हणून पुष्कळ काही बोलत नाही. म्हणून मी मुलाच्या उत्तराला अधिक वजन देईन. मेंदूला किरणोपचार झालेल्या मुलांना लक्ष टिकवणे जड जाऊ शकते. तिथे पालकांची साथ हवीच.

गोव्यात आणखी एक पेच आहे. डिचोली किंवा सत्तरीतील एखादी मुलगी घरी कोकणी बोलते आणि शाळेत मराठीतून शिकते; तिला मनातले दुःख कोणत्या भाषेत विचारावे, हा प्रश्न मला मुळीच गौण वाटत नाही. ती निवड तिच्यावरच सोपवावी, आणि तिची उत्तरे घेताना पालकांना दुसऱ्या खोलीत बसवावे.