आठ महिने, ७२ बास आणि जुनं रॉक अँड रोल: अकॉर्डियन वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी घेतलं कशाला ते सांगते. मला १९५५ ते ६५ च्या आसपासची इंग्लिश गाणी वाजवायची होती, एल्विस, बडी हॉली, ड्रिफ्टर्स वगैरे, लहानपणी घरात कॅसेटवर सतत चालू असायची ती. गिटार करून बघितली, बोटं सोलवटली, सोडली. पेटी थोडीफार येत होती म्हणून वाटलं अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच की, किती अवघड असणारे. सेकंडहँड घेतलं, ३४ कीज, ७२ बास (म्हणजे डाव्या हाताची बटणं), उजवीकडे पाच रजिस्टर (आवाजाचा पोत बदलायची बटणं).

तर पेटी येत असल्याचा फायदा उजव्या हाताला पहिला आठवडाभर झाला आणि संपला. पेटीत हवा आत साठते, भाता जरा मागेपुढे झाला तरी सूर लगेच हलत नाही. इथे भाता म्हणजेच आवाज, हात जितका जोर लावेल तितकाच सूर मोठा, दिशा बदलली की तिथे श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं, आणि हे सगळं करणारा डावा हात त्याच वेळी न बघता बटणंही दाबत असतो. पहिल्या महिन्यात मी ओळीच्या मधेच हवा संपवून बसायचे. मग सरळ कागदावर गाण्याच्या शब्दांखाली बाण काढले, इथे उघडायचं इथे मिटायचं, तेव्हा कुठे जमायला लागलं.

पण खरी अडचण ती नव्हती. अकॉर्डियनचा डावा हात शिकायचा म्हणजे सगळीकडे एकच शिकवतात, बास-कॉर्ड-बास-कॉर्ड (एका बटणाने खालचा सूर, दुसऱ्याने अख्खा कॉर्ड), उम-पा उम-पा. मी तेच घेऊन रॉक अराउंड द क्लॉक वाजवायला बसले, दोन दिवस घासलं, अभिमानाने ऐकवलं, तर मुलगी म्हणाली, "आई, सर्कस आलीय का?" आणि खरंच पोल्काच वाजत होता तो! सूर बरोबर, कॉर्ड बरोबर, आणि गाणं मात्र भलतंच.

का होतं ते समजायला वेळ लागला. रॉकमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, तिथे ड्रमवाला स्नेअर हाणतो. अकॉर्डियनवर बासचं एक बटण दाबलं की वेगवेगळ्या सप्तकांतल्या चार-पाच रीड (पेटीत असतात तशा धातूच्या पट्ट्या) एकदम वाजतात, म्हणजे सगळं वजन आपोआप पहिल्या आणि तिसऱ्यावर जातं, आणि टाळीच्या जागी बिचारी किरकोळ "पा" उरते. मी केलं असं की महिनाभर कॉर्डच्या बटणांना हातच लावला नाही, नुसत्या बासच्या दोन ओळी, मुख्य बास आणि तिच्या शेजारची काउंटरबास, जिच्यात त्या बासचा गंधार मिळतो. चालता बास, म्हणजे एकेक सूर पायऱ्यांसारखा चढत-उतरत जाणारा. ए मध्ये (ए ला सा धरून) बघा, ए चं बटण, मग त्याच्याच शेजारच्या काउंटरबासच्या ओळीतला सी शार्प, मग ए च्या वरचं ई, आणि एफ शार्प मिळतो डी च्या काउंटरबासला. हीच बोटं उलटी फिरवून खाली या. बटणं पंचमाच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे हा आकार एकदा बोटात बसला की डी आणि ई ला फक्त एक घर खाली-वर सरकायचं, या तीन कॉर्डांवर फिरणारं बारा बारचं अख्खं ब्लूज तिथल्या तिथे होतं. कॉर्ड नंतर परत आणले, पण फक्त दुसऱ्या-चौथ्याला, अगदी तोडून, बटण तापलेल्या तव्याला हात लागावा तसं सोडायचं, आणि त्याच क्षणी भात्याला मनगटातून बारीक झटका. त्या झटक्यात सगळं आहे. तो यायला मला पाचवा महिना लागला.

आता रॉक अराउंड द क्लॉकबद्दल एक गंमत. ते ज्याचं, त्या बिल हेलीच्या कॉमेट्स या बँडमध्ये जॉनी ग्रँडे पियानो आणि अकॉर्डियन दोन्ही वाजवायचा, म्हणजे १९५४ ला हे रेकॉर्ड झालं तेव्हा बँडमध्ये अकॉर्डियनवाला होताच. आणि पुढे त्याच रॉक अँड रोलने गिटारचं एवढं वेड लावलं की अकॉर्डियन शिकणारी पोरं गळाली. तरी बीच बॉइजच्या वुडन्ट इट बी नाइसमध्ये, १९६६ च्या, अकॉर्डियन आहेत बरं का, दोन. हेडफोन लावून ऐका, ते थरथरत पुढे ढकलणारं जे वाजतं ते. मी हे गाणं किती वर्षं ऐकत होते आणि ती गिटार समजत होते.

डू-वॉप टाइप गाण्यांना (एक, सहा मायनर, चार, पाच, म्हणजे सप्तकातल्या त्या त्या क्रमांकाच्या सुरावरचे तेच चार कॉर्ड गोल गोल) हे वाद्य फार छान. स्टँड बाय मी मूळ ए मध्ये आहे, १९६१ चं. ए, डी, ई शेजारी शेजारी, पण एफ शार्प मायनर ए पासून तीन घरं वर, माझ्या ७२ बासवर ती अगदी शेवटची रांग, त्यापुढे लाकूड. पोचतं, पण सुरुवातीला दर वेळी बोट बाहेर घसरायचं. ४८ बासच्या काही वाद्यांवर ही रांगच नसते, मग गाणं सी किंवा एफमध्ये आणा, काही बिघडत नाही. ई मधली गिटारची गाणी मात्र मी सोडून दिलीत, तिथे सहावा मायनर म्हणजे सी शार्प, आणि तो माझ्याकडे पार दुसऱ्या टोकाला डी फ्लॅट नावाने बसलाय.

या काळातल्या संथ गाण्यांत पियानो एकसारखे तीन-तीनचे ठोके देत असतो, ते जसंच्या तसं उजव्या हाताने वाजवू नका. पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो म्हणून ते ठोके सुटे ऐकू येतात, इथे सूर विरतच नाही, नुसती गुणगुण होते मधमाश्यांसारखी. कॉर्डमधून मूळ सूर काढून टाका, तो डावा हात देतोच आहे, उरलेले दोन सूर धरून ठेवा आणि तीनची लाट भात्यानेच द्या. एल्विसचं कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह असं वाजवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पैसे वसूल. त्याची चाल मुळात अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच गाण्याची आहे, कदाचित म्हणून भात्याला इतकी सोसते. मुलगी पण काही बोलली नाही, म्हणजे पसंत.

रजिस्टरपैकी म्युझेट मी जवळपास कायम बंद ठेवते. त्यात दोन रीड मुद्दाम किंचित बेसूर लावलेल्या असतात, लगेच पॅरिसचा रस्ता उभा राहतो. गाण्याच्या चालीला एकच रीडचं क्लॅरिनेट, आणि सॅक्सोफोनचा सोलो असेल तिथे “बसून” (bassoon) नावाचं रजिस्टर, खालच्या सप्तकात थोडं घरघरीत, मस्त लागतं.

आता तक्रारी. विकणाऱ्याने "ट्यून करून दिलंय" सांगितलं होतं, त्यावर विश्वास ठेवला ही चूक. मिटताना बरोबर आणि उघडताना उशिरा वाजणारा एक जी होता, आतली चामड्याची पट्टी वाकली होती. प्रत्येक कीला दोन्ही दिशांसाठी वेगळी रीड असते, तेव्हा घेताना प्रत्येक सूर उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा, प्रत्येक रजिस्टरवर तपासा, कंटाळा आला तरी. तिसऱ्या महिन्यात बासचं एक बटण आत अडकलं आणि भाता हलवला की तो सूर आपला आपण घुमायला लागला. मी शहाणपणा करून मागचं झाकण उघडलं, आत तारांचं आणि दांड्यांचं जंगल बघितलं, गुपचूप परत लावलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं. बंद गाडीत उन्हात ठेवायचं नाही हे त्यानेच सांगितलं, रीड मेणाने चिकटवलेल्या असतात.

आणि ओरिजिनल गाण्याबरोबर वाजवायचं स्वप्न असेल तर आधीच सांगते, माझं ४४२ ला लावलेलं आहे (ए चा सूर ४४२ हर्ट्झ, नेहमीपेक्षा जरा चढा) आणि जुन्या रेकॉर्डिंगचा सूर टेपच्या स्पीडप्रमाणे कधी वर कधी खाली, अकॉर्डियन तर जागच्या जागी लावता येत नाही. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गाणंच थोडं वर खाली करून घेते.

वजनाचं काय असं दोघांनी विचारलं. बसून वाजवा, डावी मांडी भात्याखाली, पाठीमागचा आडवा पट्टा नक्की लावा, तो मी चार महिने लावत नव्हते आणि खांदा धरून फिरत होते. १२० बास घ्यावं का, तर या गाण्यांसाठी नको, माझ्या ७२ मधली निम्मी बटणं अजून कोरी आहेत. लिटल रिचर्डसारखं धडाधड पियानोवालं काही अजून जमत नाहीये, तो वेग आला की मनगटाचा झटका गायब आणि परत सर्कस.