ग्लाडियस घ्यावी की स्पाथा?

रोमन तलवारीची प्रतिकृती घ्यायची ठरली की हात आधी ग्लाडियसकडे, म्हणजे आखूड तलवारीकडे जातो. सिनेमातल्या रोमन सैनिकाच्या कमरेला तीच दिसते ना! पण स्वाराचा पोशाख करणार असाल तर जरा थांबा, त्याची तलवार म्हणजे लांब स्पाथा.

दोघींतला खरा फरक लांबीचा, आणि ती ठरली खोगिरावर. पॉम्पेई घाटाच्या ग्लाडियसचं पातं साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. ढालीआडून पुढे सरकायचं, पोटात खुपसायचं, की काम झालं. हीच तलवार घोड्यावर बसलेल्याच्या हाती दिली, तर खाली उभ्या माणसापर्यंत तिची अणी पोचताना मारामार. स्पाथाचं पातं ६० ते ८५ सेंटिमीटर, सरळ, दुधारी. मूळ घाट केल्टिक लांब तलवारींचा. रोमच्या साहाय्यक (रोमन नागरिक नसलेल्यांच्या) घोडदळात गॉलचे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे केल्टिक लोक पुष्कळ, म्हणजे कित्येकांना ती घरचीच. रिकीब तेव्हा नव्हती, पण चार शिंगांच्या खोगिरामुळे बैठक पक्की राही आणि वरून जोरात वार करता येई. इ.स. ५०च्या सुमारास ब्रिटनमध्ये झालेल्या लढाईचं वर्णन करताना रोमन इतिहासकार टॅसिटसने दोन्ही तलवारी एकाच वाक्यात आणल्या आहेत: लीजनच्या, म्हणजे रोमच्या मुख्य पायदळाच्या शिपायांकडे ग्लाडियस, साहाय्यकांकडे स्पाथा.

हातात धरल्यावर काय वाटतं? ग्लाडियस आटोपशीर, छोट्या खोलीतही फिरवता येते. स्पाथाचं वजन पुढे जाणवतं. सवय नसेल तर मनगट लवकर भरून येतं. सरावासाठी पहिलीच तलवार घेत असाल तर मी ग्लाडियसच सुचवेन. भिंतीवर लावायलाही तीच, शक्यतो माइंट्स घाटाची, कारण तिचं लांब निमुळतं टोक लांबूनही ओळखू येतं.

स्पाथा घेणाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: शतक कोणतं? पहिल्या शतकातला स्वार हवा असेल तर तलवार उजव्या कुशीला. त्याच शतकातला इतिहासकार जोसेफसने तसंच लिहिलंय. तिसऱ्या शतकापर्यंत पायदळानेही स्पाथा उचलली आणि ती खांद्यावरून येणाऱ्या रुंद पट्ट्याला डावीकडे लटकू लागली. त्या काळातही दोन घाट आहेत. स्ट्राउबिंग-निडाम अरुंद, टोकाकडे निमुळता. लाउरियाकुम-ह्रोमुव्का रुंद, दोन्ही कडा जवळजवळ समांतर. मला पहिला आवडतो. खोचताही येतं, कापताही येतं.

ग्लाडियसच ताणून लांब केल्यासारखी ‘स्पाथा’ कुणी दाखवली तर पैसे काढण्याआधी म्यान आणि पट्टा बघा. पहिल्या शतकाची मूठ आणि तिसऱ्या शतकाचा पट्टा, अशी खिचडी जाणकाराच्या लगेच डोळ्यांत खुपते. आणि पातं बोथटच मागवा. धारदार तलवार घरी आणली की १९५९चा शस्त्र कायदा आडवा येऊ शकतो.