ब्लेड बदलायचा स्टेप ड्रिल, आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, हा स्टेप ड्रिल, म्हणजे एकानेच लहान-मोठी भोकं पाडणारा पायऱ्या-पायऱ्यांचा ड्रिल, पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर नका घेऊ. मी त्याच हिशोबाने घेतला, हिशोब सपशेल चुकला, आणि तरीही तो आज माझ्या साइटच्या पेटीत आहे.

काम आपलं इलेक्ट्रिकल पॅनलचं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटी शेड, दोन वायरमन, एक हेल्पर आणि मी. शेडमध्ये ड्रिल प्रेस आहे त्यामुळे तिथे काही प्रॉब्लेम नसतो, पण २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हापासून बडोद्यात सोसायट्यांचे पंपाचे, लिफ्टचे पॅनल वर चढवायची कामं आमच्याकडे यायला लागली आणि ती तुकड्या-तुकड्याने अजून येतायत. म्हणजे पॅनल साइटवरच, वायरिंग आत तसंच, आणि जिन्यात उभं राहून ग्लँड प्लेटला, म्हणजे केबल आत घ्यायच्या पत्र्याला, नवी भोकं पाडायची. अशा वेळी स्टेप ड्रिलची धार गेली की दिवस गेला. आमचे बाबा तर असल्या भोकासाठी गोल आखून आत कडेकडेने छोटी छोटी भोकं मारायचे, मधला तुकडा छिन्नीने उडवायचे आणि मग अर्धगोल कानस घेऊन बसायचे, एका भोकाला अर्धा तास, आणि वर मला म्हणायचे अरे हात बसायला पाहिजे रे. बसला हात, पण मान पण बसली.

तर वस्तू अशी. स्टीलची कोनसारखी बॉडी, तिला मधोमध आरपार खोबण, त्या खोबणीत एक चपटं पायऱ्या-पायऱ्यांचं ब्लेड बसतं, टोकासकट, दोन्ही बाजूंना धार. दोन बारीक स्क्रू, स्टार कीने आवळायचे. माप ४ ते ३२, प्रत्येक पायरी २ एमएमची. शँकला, म्हणजे चकमध्ये धरायच्या दांड्याला, तीन चपट्या बाजू, त्यामुळे आत फिरत नाही. एका ब्लेडसकट मला ३,२०० ला पडला, सुटं ब्लेड ९००. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारीही आहेत.

पहिले दीड-दोन महिने मी खूशच होतो. १.६ आणि २ एमएमचा सीआरसीए, म्हणजे कोल्ड रोल्ड लोखंडी पत्रा लोण्यासारखा कापतो, ३ एमएमच्या ग्लँड प्लेटला पण कुरकुर नाही. ड्रिल मशीन मात्र लो गिअरमध्येच ठेवा. साध्या लोखंडाला मिनिटाला साधारण २५ मीटर धार फिरली पाहिजे असं धरलं तर ६ एमएमला तेराशे-एक आरपीएम चालतात पण २२ ला जेमतेम ३६०, आणि लोक काय करतात, ट्रिगर पूर्ण दाबून ४ पासून ३२ पर्यंत एकाच स्पीडने जातात आणि मग म्हणतात माल खराब. पायरी आरपार झाली की झटका बसतो, साइड हँडल लावा, मनगट वाचेल.

आता माप. २, २ च्या पायऱ्यांमध्ये २२ येतो आणि मग थेट २४. पण २२ वाल्या पुशबटणाला भोक लागतं २२.३ ते २२.५, पीजी १६ मापाच्या केबल ग्लँडलाही २२.५. म्हणजे प्रत्येक बटणाला गोल कानस फिरवायचीच. ही या ड्रिलची चूक नाही म्हणा, साध्या एमएमवाल्या सगळ्याच स्टेप ड्रिलांत हे आहे, पण याच बॉडीत ग्लँडच्या मापांचं वेगळं ब्लेड बसतं असं डब्यावर छापलंय आणि आठ महिन्यांत ते ब्लेड मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. डीलरला दर वेळी विचारतो, तो दर वेळी म्हणतो, भाई मळी जशे. मिळून जाईल. बरं.

हिशोब कुठे चुकला ते. माझी भोकं बहुतेक २० आणि २२ ची. प्रत्येक भोक ४ पासूनच सुरू होतं म्हणजे खालच्या सगळ्या पायऱ्या रोज घासतात, त्यातही १८, २०, २२ जास्त, कारण फेरे तेवढेच पण घेर मोठा, धार जास्त पळते आणि जास्त तापते. आणि २४ ते ३२ च्या पायऱ्या? कोऱ्या करकरीत. तीन महिन्यांनी पहिलं ब्लेड काढलं तेव्हा वरचा भाग नवा आणि खालचा गेलेला, आणि फेकायचं मात्र अख्खं. ४ ते २२ चाच घ्यायला हवा होता, मोठा घेतला तर सगळं होईल हा हावरटपणा नडला.

मग म्हटलं धार लावून बघू. साध्या सॉलिड, म्हणजे अखंड, स्टेप ड्रिलला धार लावणारा आमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून बसतो, ८० रुपये घेतो, आणि तो शहाणा आहे, फक्त आतल्या फ्ल्यूटच्या, म्हणजे खाचेच्या, बाजूने घासतो, बाहेरच्या पायऱ्यांना हात लावत नाही. बाहेरून घासलं की माप गेलं आणि धारेमागची सूट, म्हणजे पत्र्याला घासू नये म्हणून ठेवलेली मोकळीकही गेली, मग ड्रिल कापत नाही, नुसता पत्रा तापवतो. सोनेरी कोटिंग घासलेल्या बाजूचं जातं, जाऊ दे, खाली स्टील चांगलं असेल तर काम करतं. चारशे रुपयांचे सोनेरी ड्रिल मिळतात ना, त्यात नेमकं सोनंच असतं, स्टील नसतं. तर त्याला हे ब्लेड दिलं, त्याने सपाट बाजूने हलकं घासून दिलं, धार आली मस्त, पण ब्लेड पातळ झालं ना, खोबणीत हलायला लागलं. स्क्रू कितीही आवळा, बोटाने दाबलं की टिक. संपला विषय. ८० रुपयांची धार पाच-सहा वेळा झेलणारा सॉलिड ड्रिल एकीकडे आणि ९०० चं ब्लेड दुसरीकडे, आता तुम्हीच करा गणित.

आणि नोव्हेंबरातला तो किस्सा, त्यात चूक पूर्ण माझी. साइटवर घाईत ब्लेड बदललं, खोबण ब्रशने साफ केली नाही, आत लोखंडाचा एक कीस राहिला. ब्लेड केसभर एका बाजूला सरकलं. दिसत काहीच नव्हतं, पण अशा वेळी दोन्ही धारा सारखं कापत नाहीत, एकच कापते आणि भोक मोठं होतं, वर तिकोनी. पावडर कोटिंग केलेल्या नव्या दरवाजाला चार भोकं मारून झाल्यावर लक्षात आलं, २२ च्या जागी जवळपास २३. बटणं कशीबशी झाकून गेली असती हो, पण सिलेक्टर स्विच फिरवला की अख्खा स्विच भोकात फिरायचा. दरवाजा माझ्या खर्चाने बदलला. सॉलिड ड्रिलमध्ये ही भानगड होऊच शकत नाही, तिथे सरकायला काही नसतंच. तेव्हापासून नियम केलाय, ब्लेड काढलं की खोबण साफ, फुंकर, स्क्रू दोन्ही थोडे थोडे आलटून पालटून आवळायचे आणि पहिलं भोक भंगार पत्र्यावर. हेल्परला हे इतक्यांदा ऐकवलंय की आता तोच मला आठवण करतो.

एसएसला, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, नका लावू. एका फूड फॅक्टरीच्या ३०४ ग्रेडच्या बॉक्सला लावला, तेल टाकून, दीडशे आरपीएमवर, तरी दुसऱ्याच भोकात ब्लेड गेलं. क्षणभर जरी नुसतं घासत राहिलं तरी ३०४ तिथे कडक होतो आणि मग पुढे काहीच कापत नाही, जोर देऊन सतत कापत राहावं लागतं, आणि या दोन बारीक स्क्रूंच्या जिवावर तेवढा जोर द्यायची माझी हिंमत होत नाही. तिथे मी कोबाल्टचा सॉलिडच वापरतो. शिवाय ३०४ चा कीस मॅग्नेटला धड चिकटत नाही, चालू पॅनलच्या आत पडला तर टॉर्च घेऊन वेचत बसा. आतून कागद आणि टेप लावल्याशिवाय मी भोक मारतच नाही, लोखंड असो की काही.

मग ठेवला कशाला? उत्तरायणच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर होतो. लिफ्टचंच काम, म्हणजे लिफ्ट बंद. सहा भोकं राहिली होती आणि धार गेली. संध्याकाळचे सात, खाली उतरून दुकान शोधायचं तर रस्त्यात सगळी पतंग-मांजाची गर्दी, आणि सकाळी कोणी कामावर येणार नाही हे मलाही माहीत होतं आणि सेक्रेटरीलाही. खिशातून ब्लेड काढलं, पाच मिनिटांत बदललं, आठला लिफ्ट चालू, आणि आम्ही खाली सेव उसळ खात होतो. त्या दिवशी ९०० रुपये वसूल. म्हणून शेडच्या ड्रिल प्रेसला सॉलिड, साइटच्या पेटीत हा, सोबत दोन सुटी ब्लेडं आणि स्टार की.

आता तिसरं ब्लेड चालू आहे. ब्लेडं मिळतात एकवेळ, पण त्या दोन स्क्रूंपैकी एकाचं डोकं गेलंय, स्टार की आत गोल फिरते, आणि सुटा स्क्रू डीलरकडे नाही, डब्यातही जास्तीचा दिलेला नाही. ३ एमएमचा, बसक्या डोक्याचा, लांबी अगदी बेताची, साधा टाकला तर डोकं बाहेर राहतं आणि पत्र्याला घासतं. घेताना ब्लेडांआधी चार स्क्रू मागून घ्या.