मेन डोअरचं लॉक स्वतः बदललं, एक आख्खा पावसाळा गेल्यावरचा अनुभव

फेब्रुवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या आमच्या रिसेल फ्लॅटच्या मेन डोअरच्या लॉकचं सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो भाग, मी स्वतः बदललं, आता ऑक्टोबर संपत आलाय, म्हणून लिहितेय. लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं, कारण जूनपर्यंत काहीच त्रास नव्हता.

बदलायची कारणं दोन. घर घेताना तीन चाव्या मिळाल्या, पण आधी तिथे भाडेकरू होते, त्यांनी किती डुप्लिकेट काढल्या असतील कोणाला माहीत. आणि दुसरं म्हणजे आई. जुनं सिलिंडर दोन्हीकडून चावीचं होतं, एका दुपारी आईने आतून चावी लावली, तशीच ठेवली आणि झोपली. बाहेरून माझी चावी आत जाईचना. बेल वाजवत वीस-पंचवीस मिनिटं जिन्यात उभी, तिला बीपीचा त्रास, तेव्हा मनात काय काय येऊन गेलं ते नकोच आता.

एका चावीवाल्याने हँडलसकट सगळं बदलावं लागेल म्हणून सांगितलं होतं. तसं नसतं हो. मॉर्टिस लॉकची बॉडी दाराच्या जाडीत बसलेली असते आणि चावी जाते ते सिलिंडर वेगळं निघतं, बॉडी धड असेल तर तेवढंच बदलायचं. दार उघडलं की कडेच्या पट्टीवर चावीच्या उंचीला एक लांब स्क्रू दिसतो, तो काढायचा. तरीही सिलिंडर बाहेर येत नाही, इथेच लोक हातोडी घेतात, घेऊ नका. चावी घालून किंचित फिरवायची, मधली जीभ सिलिंडरच्या आकारात लपली की ते अलगद हातात येतं.

मग माप. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा, आमचं निघालं 35 आणि 35, म्हणजे 70 मिमी. बाहेरच्या बाजूने ते प्लेटच्या पुढे दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डोकावायला नको, नाहीतर पान्ह्याने धरून मोडता येतं. जुनं सिलिंडर पिशवीत घालून सरळ रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, दुकानदाराने दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं, आतून नॉब आणि बाहेरून चावी असं 850 रुपयांना घेतलं. आता आतून चावीची भानगडच नाही, आईची बोटं संधिवाताने दुखतात तरी नॉब तिला सहज फिरतो. फक्त दाराशेजारी काच किंवा हात जाईल अशी जाळी असेल तर नॉब घेऊ नका.

बसवताना तो लांब स्क्रू मी आधी फार घट्ट पिळला होता, चावी जड फिरायला लागली, अर्धा आटा सैल केल्यावर लोण्यासारखी फिरली. आणि दार उघडं ठेवूनच आठ-दहा वेळा फिरवून बघा, मगच लावा.

जुलैत मात्र दार वर उचलून धरल्याशिवाय लॉकचा बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, बसेना. मला वाटलं सिलिंडर गेलं, दार उघडं ठेवून फिरवलं तर अगदी छान, म्हणजे घोळ चौकटीत होता. बोल्टच्या टोकाला ओलं कुंकू लावलं, दार लोटून नॉब फिरवला, चौकटीतल्या पट्टीवर लाल ठसा भोकाच्या खालच्या काठावर उमटला, बोल्ट दोनेक मिमी खाली आदळत होता. कारण वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार लटकलं होतं. भोकांत फेविकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिलं आणि लांब स्क्रू मारले. उरलेलं एक मिमी पट्टीचं भोक कानशीने खाली वाढवून काढलं. लाकूडही पावसाळ्यात फुगतंच, आणि दाराची वरची-खालची कड बहुतेक घरांत कोरीच असते, तिथूनच ओल शिरते. ऊन पडल्यावर वरच्या कडेला प्रायमर मारलाय, खालची दार उतरवल्याशिवाय होणार नाही, त्याला सुतारच लागेल.

आणखी एक, चावीच्या भोकात खोबरेल नाहीतर मशीनचं तेल घालायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती खरंच सोडा. आतल्या बारीक पिनांना तेलावर धूळ चिकटते आणि चावी अडकायला लागते. मी दोन महिन्यांतून एकदा मऊ पेन्सिल चावीच्या खाचांवर घासते आणि चार-पाच वेळा आतबाहेर करते, तेवढ्यावर आजही पहिल्या दिवसासारखी चालते.

सुताराला दुसऱ्या कामासाठी विचारलं होतं तेव्हा नुसत्या व्हिजिटचे 500 सांगितले होते, पण पैशापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की चाव्या पाकिटातून मी स्वतः काढल्या आणि पाचही कुठे आहेत ते मला माहितीये. सेफ्टी डोअरचं लॉक अजून जुनंच आहे, त्याची बॉडी अरुंद आहे आणि सिलिंडर वेगळं निघत नाही, ते दिवाळीनंतर करणार.