इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी युरोपातील मास्टर्स : पाच अभ्यासक्रमांचे परीक्षण

माझ्या भाचीने मुंबई विद्यापीठातून अकाउंटिंग अँड फायनान्सची पदवी घेतली आणि त्यानंतर दोन वर्षे ती गोरेगावात एका विदेशी बँकेच्या संशोधन केंद्रात काम करीत होती. लंडनच्या बँकरने रात्री आठ वाजता मेल पाठवायची आणि हिने सकाळपर्यंत तुलनात्मक कंपन्यांचे तक्ते व सादरीकरणाची पाने तयार करून द्यायची, असे ते काम. ग्राहकासमोर बसण्याची वेळ मात्र कधी यायची नाही. ती यावी, म्हणजेच एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विक्री आणि विलीनीकरण) विभागात थेट फ्रंट ऑफिसला प्रवेश मिळावा, म्हणून तिने युरोपातील मास्टर्सचा विचार सुरू केला. शैक्षणिक कर्जावर सहअर्जदार म्हणून माझी सही लागणार असल्यामुळे मीही वर्षभर माहितीपत्रके, प्रवेशाच्या अटी आणि व्हिसाचे नियम वाचत होतो. उद्योगांना कर्ज देणाऱ्या विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला, समोरचा पैसा नेमका कशासाठी मागतो आहे हे विचारण्याची खोड असते. त्याच खोडीतून हे परीक्षण लिहितो आहे.

सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली, हे आधी कबूल करायला हवे. ठाण्यातील एका सल्लागार संस्थेने पहिल्याच बैठकीत फायनान्शिअल टाइम्सची क्रमवारी आमच्यापुढे ठेवली, वरची पाच नावे अधोरेखित केली आणि फी घेतली. ती क्रमवारी खोटी नाही, पण तिच्यातला पगाराचा आकडा कसा तयार होतो हे त्या बैठकीत कोणी सांगितले नाही. पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना मिळणारा पगार तिथे क्रयशक्तीच्या तुलनेने डॉलरमध्ये बदलून घेतात. त्यामुळे मुंबईला परतलेल्या विद्यार्थ्याचा रुपयांतील पगार, साध्या विनिमय दराने जेवढा झाला असता त्याच्या तीन ते चार पट होऊन तक्त्यात उतरतो. ज्याला कर्जाचा हप्ता खऱ्या युरोंच्या हिशेबाने फेडायचा आहे त्याला या आकड्याचा उपयोग नाही.

शेवटी एके रविवारी आम्ही तो तक्ता बाजूला सारला आणि स्वयंपाकघरातील कालनिर्णय काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. लंडनमधील मोठ्या बँकांची समर इंटर्नशिप जूनपासून ऑगस्टपर्यंत साधारण दहा आठवड्यांची असते आणि तिचे अर्ज त्याच्या आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस उघडतात. अर्ज येतील तसे तपासले जातात, म्हणून शेवटची तारीख डिसेंबरात असली तरी जागा ऑक्टोबरातच भरत आलेल्या असतात. पूर्णवेळ नोकरीचे बरेचसे प्रस्ताव याच इंटर्नमधून दिले जातात. भाचीने पेन्सिलने ऑगस्टवर एक गोल केला, पुढच्या जूनवर दुसरा केला आणि विचारले, ‘‘मामा, सप्टेंबरात वर्गात पाऊल ठेवणार असेन, तर ऑगस्टमधल्या अर्जात मी त्या कॉलेजचं नाव कोणत्या तोंडाने लिहू?’’ पाचही अभ्यासक्रम पुढे आम्ही याच प्रश्नावर घासून पाहिले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे नाव मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही; बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली तिथूनच डी.एस्सी. मिळवली आणि त्यांचा प्रबंधही रुपयाच्याच प्रश्नावर होता. तेथील फायनान्सच्या मास्टर्सचे खरे बळ जागेत आहे. कॉलेज मध्य लंडनमध्ये, सिटी या बँकांच्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे बँकांचे लोक कॉलेजात येतात आणि विद्यार्थी जेवणाच्या सुटीत मुलाखत देऊन परत वर्गात बसू शकतो. अडचण मुदतीची आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात समरसाठी अर्ज करायचा तर कॉलेज सुरू होण्यापूर्वी किंवा सुरू होताच करावा लागतो. शिवाय, ज्या ब्रिटिश मास्टर्समध्ये उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो तिथे तो काळ व्हिसाच्या लेखी सत्राचाच मानला जातो आणि आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. उरते ती ऑफ-सायकल, म्हणजे ठरलेल्या हंगामाबाहेरची तीन ते सहा महिन्यांची इंटर्नशिप. त्यासाठी पदवीनंतरचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा उपयोगी पडतो. तो आतापर्यंत दोन वर्षांचा होता, मात्र 1 जानेवारी 2027 पासून येणाऱ्या अर्जांना 18 महिनेच मिळणार आहेत. फी 40 हजार पौंडांच्या वर आणि राहण्याचा खर्च लंडनचा. ज्याच्या बायोडेटात फ्रंट ऑफिसची एखादी इंटर्नशिप आधीच आहे, त्याने हा अभ्यासक्रम डोळे झाकून घ्यावा. आमच्या मुलीकडे ती नव्हती.

एचईसी पॅरिस या फ्रेंच बिझनेस स्कूलच्या बाबतीत एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि सल्लागारही त्यांची सरमिसळ करतात. इंटरनॅशनल फायनान्सचा मास्टर्स दहा महिन्यांचा आहे, फी 40 हजार युरोंच्या वर आहे, आणि त्याला कालनिर्णयाची तीच अडचण लागू होते जी लंडनला होती. दुसरा आहे ग्रांद एकोलचा (फ्रान्समधील निवडक उच्चशिक्षण संस्थांच्या परंपरेतला) मास्टर इन मॅनेजमेंट, ज्यात शिक्षणाची दोन वर्षे आणि मध्ये एक मोकळे वर्ष घेता येते. हे मोकळे वर्ष म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या दोन इंटर्नशिपा, आणि लंडनमधील फ्रेंच पदवीधरांचे पारडे जड असण्याचे कारण बहुतांशी त्यातच आहे. फ्रान्समध्ये विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी या तिघांच्या सह्यांचा करार, ज्याला ‘कॉन्व्हान्सियों द स्ताज’ म्हणतात, झाल्याशिवाय इंटर्नशिप होतच नाही. म्हणून विद्यार्थी म्हणून नाव नोंदलेले असणे हीच तिथे एक मालमत्ता ठरते. कॅम्पस पॅरिसात नाही, नैर्ऋत्येकडील झुई-आं-झोझास या गावात आहे. मुलाखतीच्या दिवशी गाडीचे वेळापत्रक पाठ असलेले बरे. मोकळे वर्ष धरून तीन वर्षांचा खर्च आणि वय यांचा हिशेब मांडल्यावर आम्ही इथे थांबलो, पण बारावीनंतरची सगळी वर्षे सरळ गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलासाठी मी यालाच पहिली पसंती देईन.

इटलीतील मिलानचे बोक्कोनी विद्यापीठ 1902 सालचे आहे. तेथील फायनान्सचा मास्टर ऑफ सायन्स दोन वर्षांचा, इंग्रजीतून, आणि दोन्ही वर्षांचे मिळून शुल्क 30 हजार युरोंच्या वर जाते. (तेथील नवा कॅम्पस जपानच्या साना या वास्तुविशारद संस्थेने शहराच्या जुन्या दूध डेअरीच्या जागेवर उभारला आहे. आरे कॉलनीच्या शेजारी नोकरी केलेल्या मुलीला हा योगायोग फार आवडला.) मधला उन्हाळा पूर्ण मोकळा असणे, हाच या पदवीचा गाभा आहे. पहिल्या सप्टेंबरात वर्ग सुरू झाले की लगेच पुढच्या जूनसाठी अर्ज करता येतो, आणि तेव्हा पदवीला वर्षभर बाकी असल्यामुळे इंटर्नशिपनंतर नोकरीचा प्रस्ताव आला तर रुजू होण्याची तारीखही नीट जुळते. पहिला हंगाम हुकलाच तर अंतिम वर्षात पूर्णवेळ जागांसाठी किंवा ऑफ-सायकलसाठी दुसरा हंगाम उरतो. एका पदवीत दोन वेळा दार ठोठावण्याची ही सोय शिकवण्याच्या दर्जापेक्षा मला मोलाची वाटते, कारण डिस्काउंटेड कॅश फ्लो, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशावरून कंपनीचे मूल्य काढण्याची रीत, कोणत्याही चांगल्या कॉलेजात सारखाच शिकवतात.

दोष सांगायचे तर पहिला पारपत्राचा. मिलानमध्ये शिकणाऱ्या भारतीयाला लंडनमध्ये इंटर्नशिप मिळाली तरी त्यासाठी वेगळा तात्पुरता व्हिसा काढावा लागतो आणि पुढे नोकरीसाठी बँकेने स्किल्ड वर्कर व्हिसाचे प्रायोजकत्व द्यावे लागते. जुलै 2025 पासून त्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा 41,700 पौंड आहे. मोठ्या बँकांच्या ॲनालिस्टला, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या नोकराला, ती अडसर ठरत नाही, पण बुटीक म्हणवणाऱ्या लहान सल्लागार फर्मकडे प्रायोजकाचा परवानाच नसेल तर बोलणे तिथेच संपते. इटलीत पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष मिळते खरे, तरी मिलानच्या कार्यालयात ग्राहक इटालियन बोलतो.

उरलेल्या दोघांना आम्ही लवकर बाजूला केले. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनचा बँकिंग अँड फायनान्सचा मास्टर्स सरकारी विद्यापीठाचा असल्यामुळे स्वस्त आणि बँकांत नावाजलेला आहे. पण युरोपीय संघाबाहेरच्यांना तिथे परवान्यांचा कोटा आहे आणि पदवीनंतर नोकरी शोधायला सहाच महिने मिळतात. जर्मनीतील मानहाइममध्ये आपल्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो एवढेच शुल्क आहे, पदवीनंतर 18 महिने मिळतात, आणि फ्रँकफर्ट हाकेच्या अंतरावर आहे. नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचे झालेले एपीएस (भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र आणि व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे 11,904 युरो एवढी तजवीज केली की खर्चाच्या बाबतीत याच्या जवळपासही कोणी येत नाही. मात्र फ्रँकफर्टच्या एम अँड ए मध्ये कामाचा मोठा भाग कुटुंबांच्या मालकीच्या मध्यम कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा असतो, आणि त्या मालकांशी जर्मनमध्येच बोलावे लागते. ज्याने शाळेपासून मॅक्स म्युलर भवनचे वर्ग केले आहेत, त्याने बाकीचे चार अभ्यासक्रम पाहूही नयेत.

भाचीने बोक्कोनीची जागा स्वीकारली. जीमॅट ही व्यवस्थापनाच्या प्रवेशाची परीक्षा तिने दिलेली होतीच. नव्या पद्धतीत गुण 205 ते 805 या मापात येत असल्याने जुन्या पद्धतीतल्या सातशे गुणांशी त्यांची तुलना करू नये, एवढे इतरांसाठी सांगून ठेवतो. जागा राखण्याची रक्कम भरल्यावर तिने अभ्यासाला सुरुवात केली ती इटालियनच्या आणि मुलाखतीच्या प्रश्नांच्या, कारण रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ मुलाखतीचा दुवा अर्जानंतर काही दिवसांत येऊन धडकतो. ऑगस्टच्या पानावरचा पेन्सिलचा गोल तिने पेनाने पक्का केला आहे, आणि तिच्या आईने त्याच पानावर नारळी पौर्णिमेच्या चौकोनात विमानाच्या तिकिटाचा आकडा लिहून ठेवला आहे.